परातीचा उजेड

महिपतच्या घरातली स्टीलची परात पिठापेक्षा फोटोच्या कामाला जास्त लागायची, आणि त्यावरून त्याच्या बायकोची, रेणुकाबाईची रोज सकाळी बोंब असायची. भाकरी थापायला बसावं तर परात बेल्याला दुकानात गेलेली. तिचा मुलगा भारत आदिलाबादकडच्या बेल्याच्या बस थांब्यापाशी फोटोचं दुकान चालवत होता. दुकान म्हणजे एक टिनाची खोली, कुणीतरी वापरून कंटाळलेला कॅमेरा, आणि बाकी सगळा आईच्या घरातून पळवलेला संसार.

ज्वारी भरलेली कापडी पिशवी हे कॅमेऱ्याचं आसन. तुटक्या छत्रीचा दांडा वाळूच्या डब्यात रोवला की झाला दिव्याचा खांब. फ्लॅशवर दुधाची धुतलेली पिशवी रबरानं बांधायची, म्हणजे उजेड अंगावर येत नाही, मऊ पडतो. बापाचं जुनं धोतर दारावर ताणलं की दुपारचं ऊनसुद्धा सकाळसारखं वाटतं. आणि या सगळ्यांची राणी म्हणजे परात. ती गुडघ्यावर तिरपी धरली की माणसाच्या हनुवटीखालचा, डोळ्यांखालचा सगळा काळोख पळून जायचा. त्यात भारत कॅमेऱ्यातला उजेडाचा आकडा एक घर वर ठेवी. सरकारी शाळेतले तेलुगू मास्तर आपला फोटो हातात घेऊन "बागा वच्चिंदी, बागा वच्चिंदी" म्हणत, म्हणजे छान आलाय, आणि घरी जाऊन बायकोला घेऊन येत. भारत्याच्या दुकानात काळा माणूस गोरा होऊन निघतो, अशी ख्याती तामसीपर्यंत गेली. लग्नाच्या पोरींचे बाप त्याच्याकडे रांग लावू लागले.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की त्याच्याच घरात लग्नाची बहीण बसून होती. सुनयना त्याच्याहून थोरली. आदिलाबादला जाऊन बी.ए. झालेली, आणि कापूस वेचण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही. रंग मात्र बापाचा आला होता. बापाचं लग्न त्याच रंगावर बिनबोभाट झालं होतं, तेव्हा महिपतला कुणी उजेडात उभं करून पाहिलं नव्हतं. सुनयनाचा फोटो मोबाईलवरून गेला की त्याखाली दोन निळ्या खुणा उमटायच्या आणि पुढं काहीच यायचं नाही. लोक नकार द्यायचीही तसदी घेत नव्हते.

खरं तर भारतनं तिचा एक फोटो काढला होता. वावरात, दिवस कलताना, कमरेला कापसाची झोळी बांधलेली, कशाला तरी हसताना. परात नाही, धोतर नाही, दुधाची पिशवी नाही. काळी कुळकुळीत, घामानं चमकणारी, आणि इतकी देखणी की कॅमेरा खाली ठेवल्यावरही तो तिच्याकडे पाहत राहिला. आपण आयुष्यात एकच खरा फोटो काढलाय, असं त्याला वाटे. त्यानं तो दुकानात टांगायला काढला तेव्हा रेणुकाबाई कळवळली. "नोको रे बाप्पा. कोनी पाह्यलं तं होनारं स्थळ मोडन."

मग एके दिवशी महिपत म्हणाला, "गावच्या पोरी उजळवून राह्यला तू. घरचीनं काय पाप केलं?"

भारतनं मग तिला दुकानात बसवलं आणि होती नव्हती ती सगळी विद्या पणाला लावली. फोटो निघाला. त्यातली मुलगी गव्हाच्या रंगाची होती, नाकीडोळी नीटस, थोडी घाबरलेली. सुनयनानं फोटो हातात घेतला, दूर धरला, जवळ आणला.

"हे कोन होय?" ती म्हणाली.

सगळे हसले. तीही हसली. भारतला मात्र आपलं कौतुक झाल्यासारखं वाटलं, एवढा तो गाढव होता.

त्या फोटोला उत्तर आलं. पैनगंगेच्या पलीकडच्या गावातून, रुक्माबाई नावाच्या बाईंकडून. त्यांचा मुलगा गोपाल, घरची बरी शेती, खताचं दुकान. फोटो पसंत आहे, मुलगी पाहायला येतो, असा निरोप होता. घरात आनंद झाला आणि आनंदामागोमाग धडकी भरली. फोटो पसंत होता. मुलगी कुणी पाहिलीच नव्हती.

त्यावर महिपतनं जी अक्कल काढली ती फोटोवाल्याच्या बापालाच सुचावी. "भारत, तुहं दुकान उद्या आपल्या बैठकीत मांड. पाव्हणे बसतीन तितका वेळ पोरगी फोटोसारखी दिसली पाह्यजे. मंग पुढचं देव पाह्यन."

"बाबा, असं कुठं असते काय?"

"तुह्या दुकानात असते, मंग घरात काऊन नसन?"

 खरं सांगायचं तर, जमेल का हे पाहण्याची खाज भारतलाही सुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बैठक मांडली. पाहुण्यांच्या खुर्च्या सावलीच्या भिंतीला. सुनयनाची खुर्ची खिडकीजवळ. तिच्या दुसऱ्या बाजूला बाज उभी करून तिच्यावर पांढरी चादर टाकली, जणू वाळत घातलीय. खिडकीवर धुतलेलं धोतर बांधलं. आणि बाहेर, खिडकीखाली, उन्हात उकिडवा बसून भारतनं परात धरली. उजेड धोतरातून गाळून आत खुर्चीवर पडू लागला. सूर्य काही कुणाचा जावई नाही, तो सरकत राहणार. म्हणून पाहुणे उठेपर्यंत परात फिरवत बसणं भाग होतं. धोतराला एक भोक होतं, त्यातून त्याला बहिणीचा गाल आणि कानातली कुडी तेवढी दिसत होती.

पाहुणे आले. चहा झाला. "पोरीचा भाऊ दिसत नाही?" रुक्माबाईंनी विचारलं. "वावरात गेला, मजूर हायेत," महिपत म्हणाला. हाताएवढ्या अंतरावर, भिंतीच्या पलीकडे, भारत खाली मान घालून बसला होता. परात तापली होती, बोटं भाजत होती. एक कोंबडी येऊन परातीतल्या स्वतःलाच चोच मारू लागली, तिला हाकलायचीही सोय नव्हती.

सुनयना येऊन बसली. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वयंपाक येतो का ते विचारलं. ती एकेका शब्दात उत्तरं देत होती. मग कुणी काही न विचारता तीच बोलली.

"बाबा, उजेड डोळ्यात जाऊन राह्यला. खुर्ची थोडी सरकवू का?"



"बस बेटा, तिथंच बस," महिपत घाईघाईनं म्हणाला. "तिथं वारं येते."

ते बापाला नव्हतं विचारलेलं. भारतला पक्कं कळलं की ते खिडकीच्या बाहेर विचारलेलं होतं. मनगट जरासं वाकवलं असतं तर उजेड छताला गेला असता, आणि खुर्चीवर त्याची बहीण उरली असती, वावरातल्या फोटोतली. पाहुण्यांनी तिला पाहून हो म्हटलं असतं किंवा नाही म्हटलं असतं. भोकातून त्याला दिसलं, ती हळूच सावलीकडे कलली. गाल काळा झाला. आणि भारतचा हात आपोआप हलला. त्यानं परात वळवली आणि उजेड तिच्या मागे नेला. ती आणखी कलली, उजेड आणखी सरकला. मग ती सरळ होऊन बसली, ती शेवटपर्यंत हलली नाही.

त्याला भीती वाटत होती हे खरं. स्थळासाठी आईनं धरलेले उपास, बापाची पडलेली मान, सगळं डोळ्यांपुढं होतं हेही खरं. पण इतका चांगला उजेड आपण आजवर कधीच पाडला नव्हता, हा विचारही त्याच क्षणी त्याच्या डोक्यात होता. त्याची त्याला पुढं फार लाज वाटली.

आत रुक्माबाईंचा आवाज चढला. "मी तं घाबरलीच होती. आजकाल फोटोत एक आन घरात एक निघते. पन पोरगी फोटोच्या बरहुकूम हाय, बाप्पा!"

महिपत मोठ्यानं हसला. रेणुकाबाई आत जाऊन रडली.

पाहुणे गेल्यावर भारतनं परात आत आणून ठेवली. सुनयनानं ती धुतली, पुसली आणि पीठ मळायला घेतली.

"अक्का, जमलं ना?" तो म्हणाला.

"तुले जमलं," ती म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

पुढं साक्षगंध झालं, लग्न झालं. दोन्ही वेळा आदिलाबादहून आलेल्या पार्लरवालीनं तिला भिंतीसारखं लिंपलं. मधल्या काळात गोपालचा व्हिडिओ कॉल आला की रेणुकाबाई धावत यायची, "नेटवर्क नाही म्हनून सांग!" हळद लागली, अक्षता पडल्या, भारतनं मेव्हण्याचा कान पिळून मान घेतला. बहीण नदीपलीकडे गेली. हळद उतरायची तेवढे दिवस उतरली नाही, मग उतरली आणि खालचा रंग वर आला.

त्या लग्नानं भारतच्या दुकानाची मात्र भरभराट झाली. सख्ख्या बहिणीचं ज्यानं जमवलं, तो आपल्या पोरीचंही जमवील, असं लोक म्हणू लागले. त्यानं आदिलाबादहून उजेड परतवायचा खराखुरा घडीचा पडदा आणला. परात रेणुकाबाईला परत मिळाली.

दिवाळीला तो मुराळी होऊन बहिणीला आणायला गेला. कॅमेरा गळ्यात होता. दारातून आत शिरला आणि थबकला. समोरच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या ओळीत, काचेच्या मोठ्या फ्रेममध्ये त्यानं काढलेला फोटो होता. गव्हाच्या रंगाची, थोडी घाबरलेली मुलगी.

रुक्माबाईंनी त्याला पाणी दिलं. तेवढ्यात शेजारच्या बयनाबाई टेकल्या. "सून कुठं हाय व? मी तं अजून जवळून पाह्यलीच नाही."

"हे काय," रुक्माबाईंनी भिंतीकडे बोट केलं. "हे आमची सून. पसंत केलेली. आन आत चुलीपाशी हाय ते, हे दाखवून धाडलेली." मग भारतकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बापू, दिवाळी झाली का घेऊन या. आन जमलं तं या बारीनं फोटोतलीच आना."

बयनाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. गोपाल तिथंच बसला होता. माणूस वाईट नव्हता. तो हिशेब नसलेल्या कागदावर उगाच पेन फिरवत राहिला. चहा आला तो दाराच्या फटीतून. हात तेवढा दिसला, काकणं भरलेला. बाहेरचं माणूस बसलेलं असलं की तिनं बैठकीत यायचं नाही, असा या घरचा नियम होता, हे भारतला चहा पिता पिता कळलं. कोनाड्यात गोरं होण्याच्या मलमाच्या पिळून चपट्या झालेल्या नळ्या होत्या. त्यानं कप तसाच खाली ठेवला.

तो मागच्या अंगणात गेला. सुनयना पिशवी भरून तयार होती, मोरीपाशी हात धूत होती. खंगली होती. दिवस कलत होता, आणि ऊन वावरातल्या त्या दिवसासारखंच तिरपं तिच्या अंगावर आलं होतं. तीच बहीण होती, काळी आणि देखणी, आणि या घरात तिच्याकडे पाहणारं कुणी नव्हतं.  माफी मागायला भारतला शब्द येईनात, एकच गोष्ट येत होती. त्यानं कॅमेरा वर केला.

"अक्का, अशीच उभी राह्य बरं. एक फोटो काढतो. वावरातल्यासारखा. तो इथं लावू."

तिनं पदरानं हात पुसले आणि आज पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"काऊन?" ती म्हणाली. "परात आनली का?"