एक वीत डावीकडं

गोरक्षला वाकडं काही म्हणजे काही बघवत नसे. चाकणच्या एका कंपनीत बारा वर्षं तो फायनल इन्स्पेक्शनला होता. केसाच्या निम्म्यानं जरी एखादा दांडा वाकडा निघाला तरी त्याला लाल टॅग लावून बाजूला टाकायचा, हेच त्याचं काम. बरं, ते काम कंपनीच्या गेटवर ठेवून घरी यावं की नाही माणसानं? छे! घरी कॅलेंडर तिरकं, भाकरी एका अंगाला जाड, दोरीवरच्या चादरीची एक कड खाली. बायको स्वरूपा तर येईल त्या पाहुण्याला सांगायची, "आमच्या लग्नात अंतरपाट धरला ना, तर हे भटजींना म्हणाले, डावीकडून जरा वर घ्या."

अशा माणसाच्या हाती त्याच्या वडिलांची बंदूक लागली, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

बंदूक ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी सोडायची, गजानं ठासायची आणि मग घोडा ओढायचा, असली. गोरक्षच्या पणज्यापासून घरात होती आणि लायसन होतं त्याच्या वडिलांच्या, म्हणजे दत्तोबांच्या नावावर. तिला वर्षातून एकच दिवस काम. भैरोबाच्या जत्रेत पालखी निघायच्या आधी जुन्या दगडखाणीत एका खांबावर नारळ बांधायचा, पाठीमागं खाणीची भिंत, आणि चाळीस पावलांवरून दत्तोबांनी तो फोडायचा. नारळ फुटल्याशिवाय पालखी हलत नाही. हा मान त्यांच्या घराचा. पण सलग तीन वर्षं नारळ चुकला तर मान दुसऱ्या भावकीकडं जातो, हाही गावचाच कायदा. दोन वर्षं चुकला होता. दुसऱ्या भावकीतले बबनराव नवीकोरी बंदूक घेऊन आणि फेट्याचा रंगसुद्धा ठरवून बसले होते.

खरं तर चूक दत्तोबांची नव्हती. बंदुकीचा लाकडी दस्ता वाळवीनं आतून खाल्ला होता, नळी त्यात खुळखुळायची. पण गावाला कोण सांगणार? दुसऱ्या वर्षी नारळ चुकला तेव्हा म्हातारा आठ दिवस पारावर गेला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बाप गोठ्यात म्हशीकडं तोंड करून बसलेला गोरक्षनं बघितला. काय वाटेल ते होवो, यंदा आप्पांच्या हातून नारळ फुटलाच पाहिजे, असं त्यानं मनाशी घेतलं.

असलं काम परवान्याच्या कारागिराकडंच करावं लागतं. तसा राजगुरुनगरला एकच उरलेला, बिरूमामा. सगळे कागद घेऊन गोरक्ष बंदूक तिकडं न्यायला निघाला, तेव्हा दत्तोबांनी त्याला उंबऱ्यात अडवलं.

"दस्ता नवा कर. घोडा साफ कर. पर नळीला हात लावायचा न्हाई. आन् टोकाची ती चांदीची माशी हाय नेम धरायची, ती माझ्या आज्यानं बसवलीया. तिच्याकडं तर बघायचं पन न्हाई."

"व्हय आप्पा," गोरक्ष म्हणाला.

दर रविवारी तो राजगुरुनगरला जायचा. बिरूमामांच्या दुकानात बसून त्यानं शिसवीचा दस्ता घडवला, आणि काय घडवला म्हणता! बिरूमामांसारखा कंजूष माणूससुद्धा "बरा झालाय" म्हणून गेला. सहाव्या रविवारी नळी दस्त्याच्या खोबणीत ठेवली. पुढून बसली, मागून बसली, मध्ये मात्र डाव्या अंगाला अडली. गोरक्षनं खोबण तपासली. सरळ. मग नळीकडं बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मामा, नळी वाकडी आहे!"

"असंल," बिरूमामा विडी शोधत म्हणाले.

असंल? गोरक्षनं पिशवीतून वाक मोजायचा डायल गेज काढला. हो, पिशवीत होता. माणसं डबा नेतात, हा डायल गेज नेतो. नळी दोन ठोकळ्यांवर ठेवली, फिरवली, काटा बघितला. बिरूमामांनी त्यांच्या पद्धतीनं नळीतून काळा दोरा ताणून खिडकीकडं धरला आणि एक डोळा मिटून बघितलं. दोघांचं उत्तर एकच आलं. मध्ये डावीकडं पोट, एक पूर्णांक आठ मिलिमीटर. म्हणजे तोंड जरासं उजवीकडं.

"वाक वर-खाली असता तर काय वाटलं नसतं," बिरूमामा म्हणाले. "गोळी थोडी उंच न्हाईतर थोडी खाली. हा आडवा हाय. नळीच फिरवून बसवली असती, पर दारू पेटायचं भोक उजव्या अंगाला, घोडा तिथंच पडतो. फिरवता येत न्हाई. माशी सरकवू का?"

"आप्पा जीव घेतील माझा."

"मग ऱ्हाऊ दे तशीच."

राहू दे! बारा वर्षांत गोरक्षनं एक दांडा राहू दिला नव्हता. आप्पांचा मान या नळीवर टांगलेला, आणि ही बया एक पूर्णांक आठनं बाहेर! दोन वर्षं नारळ का चुकला याचं खरं कारण आपल्यालाच सापडलं, अशी त्याची पक्की खात्री झाली. त्यानं हातप्रेसवर नळी आडवी घातली, खाली दोन लाकडी ठोकळे, वर तांब्याचा तुकडा, आणि दाबली. सोडली की नळी परत जागेवर. थोडी जास्त दाबली. मोजली. पुन्हा दाबली. दुपारी सुरू केलेलं काम उन्हं उतरेपर्यंत चाललं, पण शेवटी काटा हलेनासा झाला. खिशातून हिरवा टॅग काढून त्यानं नळीला बांधला, तेव्हा कुठं त्याच्या जिवाला थंड वाटलं.

"बापाला इचारलंयस का?" बिरूमामांनी हटकलं.

"नारळ फुटला की आपोआप कळेल."

बिरूमामांनी मान हलवली, पण होकाराची नव्हती.

चार दिवसांनी फर्स्ट शिफ्ट करून गोरक्ष घरी आला तर अंगणात दत्तोबा काठी खांद्याला लावून उभे. समोरच्या दगडी गडग्यावर नारळ ठेवलेला. जत्रेची तालीम चालली होती. गोरक्ष कौतुकानं मागं जाऊन उभा राहिला आणि सवयीनं काठीच्या रेषेत बघू लागला. काठी नारळावर नव्हतीच.

"आप्पा, नेम डावीकडं जातोय."

"गप. नेमावानी नेम हाय."

"अहो, चांगला वीतभर डावीकडं आहे!"

"वीतभरच लागतो," दत्तोबा काठी न हलवता म्हणाले. "चाळीस वर्सं वीतभर डावीकडं धरतोय आन् ही दोन वर्सं सोडली तर दर साली नारळ फुटलाय. ती बंदूक उजवीकडं मारती. माझ्या बापानं मला सांगितलं, तुला मी लायसन देताना सांगनार व्हतो. आता आयतंच कळलं तुला."

गोरक्ष ओट्यावर टेकला. लाइटबिलाच्या पाठीवर त्यानं हिशेब मांडला. नळीची लांबी, वाक, चाळीस पावलं. उत्तर आलं साडेएकवीस सेंटिमीटर. त्यानं आपला अंगठा आणि करंगळी ताणून कागदावर ठेवली. बरोब्बर एक वीत. पणज्याच्या काळापासून ज्या गोष्टीत कुणाचीही चूक नव्हती, ती त्यानं दुरुस्त करून ठेवली होती.

आता सांगावं? "आप्पा, तुम्ही नको म्हणालात तीच गोष्ट मी केली, आणि जत्रेला पंधरा दिवस राहिलेत, तर चाळीस वर्षांची सवय तेवढी सोडा"? त्याची जीभच रेटेना. रविवारी सकाळी तो राजगुरुनगरला हजर झाला.

"मामा, वाकवायची आहे परत. होती तशी."

बिरूमामांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग विडी उलट्या टोकाकडून पेटवली.

"आणि हे कुणाला सांगायचं नाही. आप्पांना तर मुळीच नाही. शब्द द्या."

"आता ह्यो बी शब्द दे म्हनतोस?" बिरूमामा पुटपुटले. पण गोरक्षचं लक्ष होतंच कुठं? बापड्यांनी दिला शब्द.

धड, सरळ, आपल्या हातानं पास केलेली नळी वाकवताना गोरक्षला घाम फुटला. दर दाबाला तो डोळे मिटून घ्यायचा. पण माणूस शेवटी इन्स्पेक्टर! वाकडी करायची तर ती पण मापात. एक पूर्णांक सात आली, चालेना. एक पूर्णांक नऊ झाली, परत फिरवून कमी केली. काटा एक पूर्णांक आठवर थांबला तेव्हाच तो उठला. हिरवा टॅग मात्र बांधायचं धाडस त्याला झालं नाही.

जत्रेपर्यंतचे दिवस त्यानं कसेबसे काढले. स्वरूपा एकदा म्हणाली, "अहो, आप्पा पहाटे गोठ्यात काठी घेऊन उभे असतात आणि स्वतःशीच बोलतात. 'मधी धर दत्तू, मधी धर,' असं काहीतरी. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"ताण आलाय त्यांना," गोरक्ष म्हणाला. आपल्यालाच केवढा आलाय, हे तो बोलला नाही.

जत्रेच्या दिवशी खाण माणसांनी भरली. दोऱ्या बांधलेल्या, पोलीस हवालदार उभे. दोनच बार काढायची परवानगी होती, कागदावर तसं लिहूनच दिलं होतं. बबनराव गुलाबी फेटा बांधून पुढच्या खुर्चीत. बिरूमामाही आले होते, पण ते गर्दीच्या अगदी मागं, कुणाला दिसू नये असे.

दत्तोबांनी बंदूक ठासली आणि खांद्याला लावली. खाण चिडीचूप झाली, कारण नेम धरताना बोलायचं नाही असा रिवाज. गोरक्ष मागं उभा होता. त्यानं नळीच्या रेषेत बघितलं. नळी सरळ नारळावर होती. मधोमध! आप्पा, डावीकडं, डावीकडं! ओरडायला तोंड उघडेपर्यंत बार उडाला.

धूर निवळला. नारळ होता तिथंच होता. खाणीच्या भिंतीवर उजवीकडं, एका वितीवर, धूळ उडत होती. बबनरावांचा हात फेट्याकडं गेला.

दत्तोबांनी भिंतीवरच्या त्या धुळीकडं बघितलं. मग मान वळवली.

"गोऱ्या, दारू घिऊन हिकडं ये."

गोरक्ष गेला. गज आत-बाहेर करता करता म्हातारा खालच्या आवाजात बोलू लागला.

"तू नळी सरळ केली व्हतीस."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बिरूनं. दुसऱ्याच दिशी. तुला बोलू नगं म्हनून मी त्याच्याकडनं शब्द घेतला. पोरानं येवढ्या मायेनं काम केलंय, त्याला कुठं तोंडघशी पाडायचं? अंगनात सवयीनं वीतभर धरला गेला, तू पकडलंस म्हनून कायच ठावं नसल्यावानी बोललो, आन् रोज पहाटं गोठ्यात मधी धरायला शिकलो. चाळीस वर्सांची सवय मोडली, गड्या. लई जड गेलं."

गोरक्षला हुंदकाच आला. "आप्पा, मी परत वाकवली."

गज थांबला. "काय केलंस?"

"तुम्ही डावीकडं धरता म्हणून. होती तश्शी वाकवली. मामांकडून मीपण शब्द घेतला."

बाप-लेकांनी एकदम मागं बघितलं. बिरूमामा आभाळात एखादी घार सापडते का ते बघत होते.

दत्तोबांच्या मिशा हलल्या. मग खांदे हलले. मान जायच्या घडीला, भरल्या खाणीत, भरलेली बंदूक जमिनीकडं धरून म्हातारा डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसला. "डोस्कं फिरलं वाटतं दत्तोबाचं," कुणीतरी म्हणालं. हवालदारांनाही काय करावं ते सुचेना.

"किती वाकवलीस?" डोळे पुसत दत्तोबांनी विचारलं.

"एक पूर्णांक आठ. होती तेवढीच."

"त्ये मला कळत न्हाई. वीत का?"

"वीत, आप्पा. बरोब्बर एक वीत."

"तपासलीस ना?"

"तीनदा."

दत्तोबांनी बंदूक खांद्याला लावली. नळी नारळावर आली, आणि तिथून सावकाश, सगळ्या गावादेखत, डावीकडं निघाली. बायका कुजबुजल्या. बबनरावांना रिवाजाचं भान राहिलं नाही, ते खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाले, "दत्तोबा, नारळ हिकडं हाय, हिकडं!" म्हातारा हलला नाही. आपल्या पोराच्या मोजमापावर त्यानं घराचा मान ठेवला आणि घोडा ओढला.

नारळाचं पाणी पार हवालदारांच्या टोपीवर उडालं. ढोल वाजले, पालखी उठली, कुणीतरी गोरक्षच्या डोक्यावर भंडाऱ्याची अख्खी मूठ रिकामी केली. बबनराव टाळ्या वाजवत होते, पण हळू.

प्रसाद वाटताना दत्तोबांनी फुटक्या नारळाचं मोठं भकल गोरक्षच्या हातावर ठेवलं. काठाला गोळीची अर्धी खोबण दिसत होती. गोरक्षनं ती निरखली. त्याचा हात आपसूक खिशातल्या पट्टीकडं गेला.

"आप्पा, अगदी मधोमध नाही लागलेली. जराशी उजवीकडं..."

"गोऱ्या," दत्तोबा म्हणाले, "खोबरं खा."

गोरक्षनं पट्टी परत खिशात ठेवली आणि खोबरं खाल्लं.