टेकडीच्या नावाची वाइन

एरंडोलच्या पलीकडे टेकडीच्या उतारावर प्रेमराजचा द्राक्षमळा होता आणि त्याला लागूनच छोटी वायनरी. जमीन मुरमाड, पाणी धरत नसे. म्हणून मणी बारीक यायचे, पण रस दाट. खाली ओढ्याकाठी मगनभाऊंची काळी कसदार जमीन. त्यांची द्राक्षं टपोरी. ‘खायला चांगली, वाइनला पाणचट,’ असं म्हणून प्रेमराजने ती दरवर्षी नाकारली होती, तीही चारचौघांत.

यंदा फेब्रुवारीतच ऊन असं तापलं की उतारावरच्या वेली माना टाकून बसल्या. मणी सुरकुतले, रसातला आंबटपणा गेला. खालच्या काळ्या जमिनीने मात्र ओल धरून ठेवली होती. प्रेमराजने गुपचूप मगनभाऊंचा माल विकत घेतला आणि त्याचीच वाइन केली.

दिवाळीनंतर नाशिकचे एक हॉटेलवाले चव घ्यायला आले. माल त्यांचा म्हणून प्रेमराजच्या बायकोने, रूपाने, मगनभाऊंनाही आवर्जून बोलावलं होतं. ते दाराजवळच्या खुर्चीवर अवघडून बसले.

पाहुण्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. “वा. टेकडी उतरलीय यात.”

“मुरमाची करामत, साहेब,” प्रेमराज म्हणाला. “काळ्या मातीत ही चव यायची नाही.”

सवयीने बोलून गेला आणि मग त्याला दाराजवळ बसलेले मगनभाऊ आठवले. तिकडे बघायची हिंमत झाली नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

“मगनभाऊ गेले,” पाहुण्यांना निरोप दिल्यावर रूपा म्हणाली. ती पेले गोळा करू लागली.

सकाळी प्रेमराज ओढ्याकाठी गेला. मगनभाऊ वेलींना पाणी देत होते.

“भाऊ, मनी चूक व्हयनी.”

“माल तुले दिधा, आते तुनाच शे,” मगनभाऊ शांतपणे म्हणाले. “पन मी तठे बसेल व्हतू. तू मनाकडे देखं बी नही.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रेमराजने तिथेच बांधावर उभं राहून हॉटेलवाल्यांना फोन लावला. वाइन टेकडीची नाही, खालच्या काळ्या जमिनीची आहे, मी खोटं बोललो, असं सांगताना त्याचे कान तापले.  “बघतो, कळवतो,” म्हणत त्यांनी फोन ठेवला.

मगनभाऊंनी सगळं ऐकलं होतं. “बरं शे,” एवढंच म्हणून ते पुढच्या सरीकडे वळले. प्रेमराज तसाच उभा राहिला. निघावं की थांबावं, त्याला कळेना.