साध्या गाडीचा कोपरा

"माझ्या चहात साखर न्हाय, आनि ह्यांना बघा, रवा!" सोबत काम करणारा हिरामण गोदूच्या कानाशी कुरकुरला.

गोदू हसली. तिच्या हातात जाळीच्या पुरचुंड्या होत्या, प्रत्येकीत चिमूटभर रवा आणि जिवंत किडे. बंदराजवळच्या त्या आवारात मालाच्या दोन बंद गाड्या उभ्या असत. एकीत किड्यांचं औषध मारून बघायचं, दुसरी साधीच ठेवायची. दोन्हींत चारही कोपऱ्यांना पुरचुंड्या टांगायच्या. औषधाच्या गाडीतले मेले पाहिजेत, साध्या गाडीतले जगले पाहिजेत.

नवरा गेल्यावर गोदूला त्याच्याच कामावर घेतलं होतं. शिवदास दुपारी ऊन टाळायला साध्या गाडीत दार ओढून आडवा व्हायचा. एका दुपारी उठलाच नाही. झोपेत हृदय थांबलं, असं सगळे म्हणाले.

कालच्या पुरचुंड्या काढायला तिने साधी गाडी उघडली. आत काळोख आणि उकाडा. तीन कोपऱ्यांतले किडे तुरुतुरु चालत होते. चौथ्यातले पाय वर करून पडलेले. दर वेळी तिथलेच. शिवदासचं डोकं असायचं तिथलेच.

"त्याची जागा हाय ती," हिरामणचा जोडीदार परेश बाहेरूनच म्हणाला. त्या गाडीत तो पाऊल टाकत नसे. "नारल फोरू, वहिनी."

गोदूला भीती कधी वाटलीच नाही. उलट ती त्या कोपऱ्याशी दोन शब्द बोलायची. पोरीची परीक्षा सांगायची, मुक्या किड्यांवर कसला राग काढता म्हणून दटावायचीही. घरी भिंतीवर फोटो होता, पण फोटोला कुठे राग येतो? इथे निदान कुणीतरी होतं.

"नारल कशाला? आज मीच परते इथं जरा."

पदर आवरून ती त्या कोपऱ्यात लवंडली. फळीला गाल टेकला तसा खालून उग्र, गोडसर वास आला. शेवटच्या दिवशीच्या त्याच्या शर्टाला होता तसा.

परेशने तोंड फिरवलं. हिरामणने चहा खाली ठेवला.

"उठ, गोदू."

इतक्या दिवसांत त्याने तिला वहिनीशिवाय हाक मारली नव्हती.

"राहू दे की. त्यांच्यापाशी हाय मी."

"तो न्हाय तिथं!" हिरामणने आत शिरून तिला दंडाला धरून उठवलं. तिच्याकडे न बघता, त्या कोपऱ्याकडे बघत तो म्हणाला, "औषधाचा कॅन फुटलेला तिथं. साहेब येतील म्हनून आमी दोघांनी वरून फळी ठोकली. शिवदासला बोललोच न्हाय."