पाचवं वाक्य

कंपासपेटीचं झाकण टक्कन उघडलं आणि आम्ही दोघींनी एकदमच आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं. दार हललं नाही. आधी मोनानं श्वास सोडला, मग मी.

दुपारचे तीन वाजले होते. आत माझा नवरा, विश्वजित, झोपला होता. शिरोलीच्या फौंड्रीत त्याची रातपाळी असली की दिवसा आमच्या घराला आवाज नसतो. बेलची वायर काढलेली, भात उघड्या पातेल्यात, चटणी खालच्या शालूबाईंच्या मिक्सरवर. मागच्या महिन्यात चुकून कुकर लावला. एकच शिट्टी झाली. डाव्या कानानं मला अजून नीट ऐकू येत नाही.

मोना चौथीत. उद्या तिची इंग्रजीची वही द्यायची होती, त्यावर वडिलांची सही. आईची चालत नाही. हा नियम शाळेचा नाही, घरचा.

"पाच वाक्प्रचार दिलेत," ती माझ्या उजव्या कानाशी कुजबुजली.

दुसऱ्याच्या हुकमात राहणाऱ्या माणसाबद्दलचे होते सगळे. दोरीवरची बाहुली, कुणाच्या तालावर नाचणं, असले. मी अर्थ सांगायच्या आधीच तिला ते कळलेले. चार वाक्यं बाहुलीवर, माकडावर. पाचवं पेनानं, सुबक अक्षरात: माय मदर इज अंडर माय फादर्स थंब.

"हे कशाला लिहिलंस, राणी?"

"अंगठ्याखाली म्हणजे मुठीत. टीचर म्हणाल्या, ओळखीच्या माणसाचं लिहा."

चारला तो उठणार, चहाबरोबर वही मागणार. पान फाडलं तर आवाज होईल. मी बोट ओलं करून पिनांच्या कडेनं फिरवलं, कागद मऊ केला आणि तिच्या केसांतला गुंता सोडवते तसं हळूहळू पान सोडवून घेतलं. मोना हसली. तिच्या एकाच गालाला खळी पडते. घडी करून पान मी पिठाच्या डब्यात खाली दाबलं. नव्या पानावर तिनं पाचही वाक्यं लिहिली. पाचवं आता शेजारच्या कुत्र्याचं.

पिनांच्या वहीतलं एक पान काढलं की त्याच्या जोडीचंही सुटतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

विश्वजितनं वही उघडली आणि मागचं कोरं पान त्याच्या मांडीवर पडलं. तो कामावर साच्याचे दोन भाग जुळवतो. फट त्याला लगेच दिसते.

"ह्याचा जोड कुठाय?"

"फाटलं होतं. टाकलं."

तो माझ्या हातांकडं बघत होता. "आज भात हाय. मग बांगड्यास्नी पीठ कशाचं?"

डबा त्यानं फरशीवर पालथा केला. वाक्य त्याला वाचता आलं, अर्थ लागला नाही. त्यानं मोनाला विचारलं. खोटं बोलायचं नाही, हे मीच तिला शिकवलेलं. तिनं सांगितला.

त्यानं वही मिटून नीट बाजूला ठेवली. मग माझे केस धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. दोनदा. दुसऱ्या वेळी दात तुटला. मी पिठात पडले, तशी बरगड्यांत लाथ बसली.

"कुणाच्या मुठीत हाईस? सांग की पोरीला."

"कुणाच्याच नाही."

त्यानं टाच माझ्या मनगटावर ठेवली आणि सगळं वजन टाकलं. शेंग मोडावी तसा आवाज झाला. मी ओरडले. खाली शालूबाईंनी टीव्ही मोठा केला.

मग त्यानं वहीवर सही केली, खाली तारीख घातली आणि दुधाची किटली घेऊन बाहेर गेला.

मोना पिठातून रांगत आली. तिनं फ्रॉकच्या टोकानं माझ्या तोंडावरचं रक्त टिपलं. मी तिला आंघोळीनंतर पुसते तसं, हनुवटीखालून, हळूच. मग वळसा घालून उजव्या कानाशी आली. आत कुणी झोपलेलं नव्हतं, तरी कुजबुजलीच.

"आई, माझं वाक्य चुकलं होतं का?"