वीतभर वाळू

खड्ड्यात उतरलं की माणसाला अक्कल येते, असं खोदकामाच्या बाई म्हणत. साक्षीदाराचं मात्र उलटंच चाललं होतं. सकाळी काठावर उभी असेपर्यंत पोरगी शहाणी असायची, आणि खाली उतरली की डोक्याचा पार भुगा व्हायचा.

साक्षीदार ही पदवी तिला वर्गातल्या लंबूने चिकटवली होती. बाई या भागातल्या मूळच्या लोकांचा इतिहास शिकवत आणि अख्ख्या वर्गात त्या लोकांपैकी ही एकटी. मातीतून दगडाची साधी चीप निघाली तरी सगळ्यांच्या माना हिच्याकडे वळत. "तुमच्यात हे कशाला वापरायचे गं?" जणू ती चीप काढली जात असताना ही शेजारी मांडी घालून बसली होती! हिच्या घरी गॅस होता, फ्रिज होता आणि आईला दिवसभर टीव्ही लागायचा. "माहीत नाही" सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. शेवटी तिने ठरवून टाकलं, की शिक्षण पुरं होईपर्यंत या विषयावर आपण तोंड म्हणून उघडायचं नाही.

आणि नेमकं तेव्हाच तिला काहीतरी माहीत असल्यासारखं वाटायला लागलं.

झालं असं, की बाई खड्ड्याच्या भिंतीपाशी उभ्या राहून थापीच्या टोकाने थर दाखवत होत्या. "ही खाली चुलीची कड. दगड, कोळसे. तिच्यावर वीतभर स्वच्छ वाळू. तिच्यात ना राख, ना हाड, ना खापराचा तुकडा. वाळूच्या वर पुन्हा राख, पुन्हा चुली. काय कळलं?"

"मधल्या काळात इथे कोणी नव्हतं," लंबू म्हणाला. "माणसं निघून गेली, वाऱ्याने वाळू आणून टाकली."

"बरोबर. आणि फार उशिरा दुसरी माणसं आली. आज ज्यांना आपण मूळचे म्हणतो, ते बहुतेक या दुसऱ्यांचे वंशज."

"म्हणजे तुम्हीपण आमच्यासारखेच बाहेरचे की गं!" लंबू तिला म्हणाला.

सगळे हसले, तीही हसली. लंबूच्या मनात वाईट काही नव्हतं, तो असाच होता. पण थोड्या वेळाने तिला राग आला, आणि कोणाचा आला तेच कळेना. तिचे आजोबा शेवटपर्यंत एकच सांगत आले होते, की आपण या जागेवरून कधी हललो नाही. एवढीशी वाळू आता त्यांना खोटं पाडत होती, आणि परीक्षेत तिला तेच लिहायचं होतं.

चूल आणि वर वाळू. हे आपण कुठेतरी पाहिलंय, असं तिला सारखं वाटत राहिलं. ब्रश मारता मारता एकदम आठवलं. बाबा गेले तेव्हा ती अगदी लहान होती. अंगणातल्या चुलीवर वाळू ओतली होती, आणि ती नदीवरून पत्र्याच्या डब्यातून आणली होती हिनेच. मग शेजारी दुसरी चूल मांडली गेली. जुनीला कोणी हात लावत नसे, पाय तर नाहीच.

जेवणाच्या सुट्टीत तिने आत्याला फोन लावला.

"अगं, घरातलं माणूस गेलं की त्याची चूल झाकायची," आत्या म्हणाली. "का म्हणजे? झाकायची म्हणून झाकायची. तुला कॉलेजात हे शिकवतात होय? मला वाटलं काहीतरी कामाचं शिकतेयस."

झालं, गोंधळात भर पडली. एका घरातली एक सवय आणि त्या जमिनीतली वाळू, या दोन गोष्टी बांधायच्या कशाने? चुकलं तर वर्षभर लंबू जगू देणार नाही. बरोबर निघालं तर खरोखरच साक्षीदार व्हावं लागणार. धड गप्प बसवेना, धड बोलवेना.

शेवटी बाई चाळणीपाशी एकट्या दिसल्या, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

"तुझ्या घरातलं आजचं उचलून इतक्या जुन्या मातीत टाकता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी टाकणार नाही, तूही टाकू नकोस."

तिचा चेहरा पडला.

"अगं, ऐक तरी पुढचं. वाऱ्याने आणलेली असेल तर वाळू सगळीकडे पसरलेली असणार. माणसाने ओतलेली असेल तर चुलीपुरतीच असणार. आपला खड्डा आहे केवढा? चुलीची कडच तेवढी लागलीय त्याला. भिंतीमागे खणून बघू."

खड्डे बुजवून घरी जायचे दिवस आले असताना नवा खड्डा! पोरांनी कुरकुर केली, लंबूने तर घमेलं आपटलं. पण खणलं. आणि त्या नव्या खड्ड्यात वाळू चुलीच्या दगडांपासून हातभर गेली आणि संपली. तिच्या पलीकडे, त्याच पातळीला, पायांनी तुडवून घट्ट झालेली जमीन होती, आणि त्या जमिनीवर दुसरी चूल.

बाई चक्क ओरडल्या. "गेलेच नव्हते! शेजारी सरकले होते फक्त!"

लंबूने तिच्या पाठीत असा धपाटा घातला, की ती चाळणीवरच पडायची. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. आजोबा असायला हवे होते, असं तिला फार वाटलं.

"आता तारीख हवी," बाई म्हणाल्या. "झाकलेल्या चुलीतला आतला कोळसा प्रयोगशाळेत गेला पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील, छान आहे गोष्ट." त्यांनी थापी तिच्या हातात दिली. "हा मान तुझा."

ती गुडघ्यांवर बसली आणि हात जागच्या जागी थांबला. सकाळपर्यंत हा नुसता थर होता. आता ही कोणाची तरी चूल होती, त्या माणसाच्या पाठी झाकलेली, आणि तसं म्हणणारी ती स्वतःच होती. उघडली नाही तर आजोबांचं खरं कसं ठरणार? आणि उघडायची तरी कोणत्या तोंडाने?

वेळ काढायला म्हणून ती वाळूवर ब्रश फिरवत बसली, तर मधोमध एक काळपट डाग वर आला. तळहाताएवढा. तिथे वाळूत राख मिसळलेली होती.

"उंदराचं बीळ," लंबू म्हणाला.

बाई वाकल्या. "बीळ वळत जातं. हे सरळ खाली उतरलंय आणि पुन्हा भरलंय." त्यांनी बराच वेळ पाहिलं. "नाही कळत मला. आणि हे बघ, उघडायची की नाही ते तू ठरव."

"मी कोण ठरवणारी?" ती जवळजवळ ओरडलीच. मग ती खड्ड्यातून वर आली, मोटारीच्या आडोशाला गेली आणि आईला फोन लावला.

"आई, झाकलेली चूल उघडली तर काय होतं?"

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"आई?"

"आत्याने सांगितलं का तुला?"

"काय सांगितलं?"

"मला वाटलंच होतं तिने पाहिलं म्हणून. अगं, एकदाच गं. तू शाळेत गेली होतीस. बाबांना जाऊन फार दिवस नव्हते झाले." आईचा आवाज अगदी लहान झाला. "हात घातला मी आत. वाटलं, थोडी तरी ऊब असेल."

आईने असं काही करावं, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

"मग?"

"मग काय. गार कोळसे. वाळू परत ढकलली वर, पण ती पहिल्यासारखी बसेना. काळा डाग राहिला तो राहिलाच. येता-जाता जीव खायचा मला, कोणीतरी विचारेल म्हणून. तू रागावलीस का गं?"

"नाही, आई. नाही गं."

"तुला कशाला उघडायचीय?"

तिने सगळं सांगितलं. आईने ऐकलं आणि नाक ओढलं. "काय न्यायचं ते ने. पण परत झाक. आणि नीट झाक, पोरी. घाई करू नकोस."

ती खाली उतरली तेव्हा सगळे वाटच बघत होते. तिने तळहात त्या डागावर, वाळूला न लावता, धरला. डाग तिच्या हातापेक्षा जरासा मोठा होता.

"हे बीळ नाही, बाई," ती म्हणाली. "कोणीतरी हात घातला होता."

"झाकलेल्या चुलीत? कशाला?"

सांगायला गेली आणि बाहीने डोळेच पुसायला लागली. लंबूने पाण्याची बाटली पुढे केली. ती प्यायली, हातमोजे चढवले.

"कोळसा इथूनच घेऊ," ती म्हणाली. "डागाच्या तळाचा. बाकीच्या वाळूला हात नको लावायला."

बाईंनी मान हलवली आणि कोळसा ठेवायची डबी उघडून धरली. तिने थापी बाजूला ठेवली आणि बोटांनी राख सारत सारत हात खाली नेला. कोळसे लागले. ते गारच असणार, हे तिला ठाऊक होतं. तरी हात थोडा वेळ तिथेच राहिला.