चार रंगांचे दोरे

बायको मेबल गेल्यापासून कॉस्मसचं जेवण चिमणीएवढं झालं होतं. सात महिन्यांत पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. म्हणून सून ॲनेटने ठरवलं, ऑल सोल्स डेला, गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, सासूचे कोबीचे रोल करायचे. मरोळ गावठाणातल्या या घरात कबरीला फुलं वाहून परतलं की दरवर्षी तेच शिजायचं. कोबीची पानं वाफवायची, आत खिमा भरायचा, गुंडाळून दोऱ्याने बांधायचं आणि मंद आचेवर ठेवायचं. यात चुकण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं. इथेच ती फसली.

रोल ताटात पडले. कॉस्मसने अर्धा खाल्ला आणि ताट सरकवलं. "मेबलच्या हातचा गोड लागायचा."

"गोड?" नवरा मर्विन म्हणाला. "पप्पा, मम्मीचा रोल खाऊन नाकातून पाणी यायचं."

"ग्रॅनीच्या रोलमध्ये खिमा नसायचाच," बारा वर्षांची ट्रिशा म्हणाली. "बटाटा असायचा."

ॲनेटला काही कळेना. म्हातारा विसरला म्हणावं, तर नवरा आणि पोरगी? एका पातेल्यातला पदार्थ तिघांच्या जिभेवर तीन तऱ्हेचा कसा? तिला स्वतःला तर तो ना गोड आठवत होता, ना तिखट. घरात कुणीतरी खोटं बोलतंय किंवा आपलंच डोकं फिरलंय, असं तिला वाटायला लागलं.

तरी हार मानेल तर ती ॲनेट कसली. रविवारी तिने पुन्हा कोबी आणला. दोऱ्यासाठी मेबलचा बिस्किटांचा डबा उघडला. आत चार रिळं होती: पांढरं, लाल, पिवळं, निळं. मागच्या खेपेला वरचं पांढरं उचलून तिने काम भागवलं होतं. मेबल रंगीत दोरे वापरते हे तिने पाहिलं होतं, पण म्हातारी शिवणकामातला उरलासुरला दोरा संपवतेय, अशीच तिची समजूत होती. मेबल दोरे स्वयंपाकघरातच सोडायची आणि प्रत्येकाचं ताट स्वतः वाढायची. डाव कुणाच्या हाती द्यायची नाही.

ॲनेटने चारही रिळं ओट्यावर मांडली. दोरे उरलेसुरले नव्हतेच, कुणाचा रोल कुठला ते रंगावरून ओळखायचं होतं. पांढऱ्यात मनुका, म्हाताऱ्यासाठी. लालमध्ये मिरची, मर्विनसाठी. पिवळ्यात ट्रिशाचा बटाटा. मग निळा?

तेवढ्यात कॉस्मस किसणी घेऊन आला. "आलं कुठाय? मी किसतो."

"यात आलं कुठे असतं, पप्पा?"

"मग मी चाळीस वर्षं काय किसत होतो?"

ॲनेट पुन्हा गोंधळली. चौदा वर्षं तिने हे रोल खाल्ले होते आणि आल्याची चवही तिला कधी लागली नव्हती.

"आलं घालायच्या आधी ती एक मूठ खिमा बाजूला काढायची," कॉस्मस आलं शोधून सोलता सोलता म्हणाला. "तू लग्न होऊन आलीस, त्या वर्षापासून. कुणासाठी विचारलं की बोलायची, तू गुपचूप किस."

ॲनेटचा हात कोबीवर थांबला. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती चाचरत म्हणाली होती, मला आलं सोसत नाही, पित्त होतं. मेबलने चारचौघांत तिला सुनावलं होतं, "आमच्या घरात आल्याशिवाय काय शिजत नाय." तो राग तिने चौदा वर्षं मनात ठेवला. शवपेटीपाशी उभी होती तेव्हाही तो होताच.

तिने खिम्याची एक मूठ बाजूला काढली. उरलेल्यात आलं घातलं.

दुपारी कॉस्मसने तीन रोल खाल्ले आणि रस्सा पावाने पुसून घेतला. सगळ्यांचे दोरे सोडून, सगळ्यांना वाढून ॲनेट शेवटी जेवायला बसली. तिच्या रोलला निळा दोरा तसाच होता. तो तिला सोडवता येईना. डोळे भरून आले होते आणि गाठ दिसत नव्हती. आजवर तो तिला कधी सोडवावाच लागला नव्हता.