माझी रेघ खाली गेली तेव्हा

दवाखान्याच्या तळघरातला जुना एमआरआय स्कॅनर तो मीच, मित्रांनो. पोटात भलंमोठं लोहचुंबक, मधोमध आरपार बोगदा आणि आवाज असा की शेजारच्या खोलीतले लोक दार लावून घेतात. नवा होतो तेव्हा माझ्यासोबत फोटो काढून घ्यायला झुंबड उडायची. आता सगळे मला 'म्हातारा' म्हणतात.

माझं काम मात्र नाजूक आहे. लहान मुलं माझ्यात स्वस्थ पडत नाहीत, म्हणून त्यांना झोपेचं औषध देतात. मग मिटलेल्या पापण्यांवर दिवा उघडमीट करायचा आणि मेंदू त्याची दखल घेतो का, ते मी पडद्यावर रेघ काढून दाखवायचं.

एकदा वर्षाची एक चिमुरडी आली. चेंडू असो की आईचा चेहरा, ती कशावरच नजर लावत नव्हती. हिला दिसतं की नाही, एवढंच घरच्यांना हवं होतं. आजीने मला चक्क हात जोडले. मला फार अवघडल्यासारखं झालं.

त्या दिवशी नवे डॉक्टर होते. त्यांना सवय जाग्या, मोठ्या माणसांची. अशा माणसांच्या डोळ्यांवर उजेड पडला की रेघ वर चढते. चिमुरडीची रेघ मात्र दिवा लागला की खाली घसरायची. डॉक्टरांनी दिवा बदलला, तारा बदलल्या, स्वतःचा चष्माही पुसला. रेघ पुन्हा खालीच.

"म्हातारा कामातून गेलाय!" ते कडाडले. "मेकॅनिकला बोलवा!"

काम मी चोख करत होतो आणि खापर माझ्याच डोक्यावर! त्यात मेकॅनिक लोखंडी पान्हा घेऊन थेट आत शिरायला निघाला. "अहो, पान्हा बाहेर!" नर्स किंचाळली. नाहीतर मी तो ओढूनच घेतला असता.

काचेपलीकडून आईने विचारलं, "खाली गेली म्हणजे... दिसत नाही का हो तिला?"

नवे डॉक्टर पुन्हा तारा चाचपू लागले.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. झोपलेल्या मुलांच्या रेघा बघण्यात त्यांची अर्धी हयात गेलेली. रेघ पाहून त्या हसल्याच.

"म्हाताऱ्यावर कशाला ओरडताय? औषधाने झोपलेल्या लहान मुलांची रेघ पुष्कळदा अशी खालीच जाते. दिवा लागला की खाली, विझला की जागेवर. म्हणजे उजेड मेंदूपर्यंत पोचतोय. रेघ ढिम्म राहिली असती तर काळजी होती."

"म्हणजे दिसतं तिला?"

"उजेड कळतोय, ताई. किती नीट दिसतं, ते पुढे तपासू."

नव्या डॉक्टरांनी गुपचूप माझ्या अंगावरून फडकं फिरवलं. माफी मागायची त्यांची तीच रीत असावी.

इतक्यात चिमुरडी जागी झाली. तिने माझ्या तोंडावरच्या दिव्याकडे मान वळवली, डोळे किलकिले केले आणि असं भोकाड पसरलं की माझाही आवाज फिका पडावा. आई हसता हसता रडू लागली. मला तर धन्य धन्य वाटलं.

तेव्हा मित्रांनो, जुन्या यंत्राचं उत्तर पटलं नाही म्हणून लगेच त्याचे स्क्रू ढिले करू नका, आधी ते काय सांगतंय ते ऐकून घ्या. आणि मला बघून रडू आलं तर खुशाल रडा. मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.